दुसरी लाइन कुठून जाते

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे जोडकाका म्हणतात. कौतुकाने नव्हे, वैतागून. एक वस्तू मागितली की हे दोन मागवणार. कंपनीची औषधांची तीन गोदामं, साठ्याची सगळी माहिती क्लाउडवर, आणि तिथपर्यंत पोचायला इंटरनेटच्या गर्दीबाहेरची आमची खाजगी लाइन. तिची सगळी आखणी काकांची. दोन कंपन्यांकडून दोन लाइनी, दोन राउटर, इमारतीत शिरायलासुद्धा एक पुढून आणि एक मागून. चहाही दोन कप मागवतात, पण ते दोन्ही स्वतःच पितात.

नकाशावर काकांचा काडीचा विश्वास नाही. लाइन टाकायची तर तिच्या रस्त्याने पायी जायचं, जमिनीखालच्या केबलच्या खड्ड्यांवरची झाकणं मोजत. त्यांच्या हाताखाली सहा वर्षांत मी तीन जोड चपला झिजवल्या. फक्त गोदामांच्या दुसऱ्या लाइनीच्या वेळी ते चालले नाहीत. काकू तेव्हा दवाखान्यात शेवटचे दिवस काढत होत्या. नकाशा मी तिथेच नेला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी न वाचता सही केली. तेवढ्यात मुलीचा परदेशातून फोन आला. स्पीकर लावून बोलायची त्यांची जुनी खोड. "थांब, आईला देतो," एवढं म्हणून ते खोलीत गेले.

त्याला आता आठ महिने झाले. काकू गेल्यावर मुलगी आली आणि दोन आठवडे राहून परत गेली. तेव्हापासून रोज तिचा मेसेज येतो, 'गोळ्या घेतल्या का?' काका 'हो' लिहितात. संपलं.

"तिचा आवाज ऐकावासा वाटतो गं," एकदा डबा खाताना ते म्हणाले.

"मग करा ना फोन."

"आणि बोलू काय? बारा वर्षं ती तिकडे आहे. तिचं सगळं मला हिच्याकडून कळायचं, माझं तिला हिच्याकडून. आता फोन हातात घेतो नि परत ठेवतो."

मला त्यांची दया यायला हवी होती, पण आला राग. तीन गोदामं जोडणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीला एक फोन लावता येऊ नये?

गेल्या मंगळवारी भर दुपारी दोन्ही लाइनी एकदम बंद पडल्या. दर तीन महिन्यांनी आम्ही मुद्दाम एक केबल काढून दुसरी चालते का ते बघतो. दर वेळी दोन्ही पास. आता मात्र गोदामांच्या फाटकांवर औषधांच्या गाड्या खोळंबल्या आणि काकांचा चेहरा उतरला. "चल," ते म्हणाले, आणि जो रस्ता तेव्हा चालायचा राहिला होता, तो आम्ही चालू लागलो.

पुलाजवळ खोदाईचं यंत्र उभं होतं. ताज्या चरात एक पाइप फुटला होता आणि त्यातून दोन केबली बाहेर आल्या होत्या, एक नारिंगी, एक काळी. दोन्ही आमच्याच. पुलावरून जायला दुसऱ्या कंपनीने पहिलीच्याच पाइपात भाड्याने जागा घेतली होती. नकाशात ते लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात.

"चाललो असतो तर दिसलं असतं," काका म्हणाले. कोणावर ओरडले नाहीत. दुरुस्तीची माणसं येऊन चरात उतरली, तसे ते शेजारच्या मातीच्या ढिगावर बसले.

"घरीही मी हेच करून ठेवलं. माझं म्हणून वेगळं काही टाकलंच नाही मुलीपर्यंत. सगळं हिच्यातूनच."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि लावला. पलीकडून लगेच आवाज आला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे, बरा आहे. थांब हं, आईला दे..."

मी चराकडे बघत उभी राहिले.

"नका देऊ," मुलगी म्हणाली. "तुम्हीच बोला ना, बाबा."

काकांनी स्पीकर बंद केला. सहा वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांनी फोन कानाला लावला.