रुमालाखालचे पाढे

शिवप्रसाद सरांच्या खांद्यावरचा चौकड्यांचा रुमाल शेवटचा कधी धुतला, हे चाकूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. सर माझे सहकारी, चौथीला शिकवतात. त्यांचे वडील बैलबाजारात दलाल होते. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात, म्हणजे बघ्यांना काही कळत नाही. तीच विद्या सरांनी पाढ्यांना जुंपली. दशक जितका, तितक्यांदा बोट दाबायचं; जरा थांबून मग एकक. उत्तर चुकलं तरी चारचौघांत हसं होत नाही.

मी आधी नाक मुरडलं. पण पोरं सटासट पाढे दाबायला लागली, तेव्हा मीच गप्प बसलो. सरांना मात्र नादच लागला. चहा किती कप सांगायचा, तेसुद्धा माझा हात रुमालाखाली ओढून विचारायचे. मुख्याध्यापिका उमाबाईंकडे तशीच रजा मागायला गेले, तर बाईंनी पट्टी उचलली.

हे सगळं मलिकासाठी चाललं होतं. चौथीतली ही पोर शाळेत तोंडच उघडत नसे, पण रुमालाखाली तिचा एक पाढा चुकत नव्हता. आता तपासणीला केंद्रप्रमुख बिरादार साहेब येणार होते, आणि त्यांचा खाक्या असा, की जे लेकरू बोलणार नाही ते अप्रगत. काळजीनं सरांना डबा गोड लागेना.

साहेब आले. मलिकाला उभं करून त्यांनी विचारलं, आठ नव्वे किती? मलिका जमिनीकडं बघत राहिली. साहेबांनी खिशातलं पेन काढलं, तसे सर मलिकाच्या हातावर रुमाल टाकून मधे पडले.

"साहेब, एकडाव हात घाला. मग काय लिहायचं ते लिहा."

साहेबांनी नाक दाबून रुमालाखाली हात घातला. मलिकानं बोट दाबायला सुरुवात केली, आणि एवढा दरारा असलेला माणूस खुदकन हसला. साहेबांना गुदगुल्या होतात, हे सबंध केंद्रात कुणाला माहीत नव्हतं. ते वळवळत होते, खिदळत होते, हात ओढत होते. वर्ग तोंडात बोटं घालून बघत होता. शेवटी डोळे पुसत साहेब म्हणाले, चौऱ्याऐंशी. चूक.

मलिकाचे कान लाल झाले. तिनं रुमाल बाजूला फेकला.

"बहात्तर दाबले म्या. तुमीच हात हालवत होते, साहेब."

तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तो चांगला खणखणीत होता. साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि पुढचा पाढा तोंडी विचारला. तिनं म्हटला. त्याच्या पुढचाही म्हटला.

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. शिवप्रसाद सरांनी तर रुमाल उचलून डोळ्यांना लावला आणि लगेच दूर केला. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी तो धुतला.