बरणीभर लोकरी गोळ्या

कुणाच्या अंगावर लोकरीचा धागा लोंबताना दिसला की वहिनींचे हात शिवशिवायचे. वहिनी म्हणजे घड्याळजींची बायको, पण साऱ्या गल्लीचीच वहिनी. दिवसभर शिंप्याच्या दुकानात काजे-बटणं करायच्या आणि घरी आल्या की उरल्यासुरल्या लोकरीच्या गोळ्या विणायच्या. खायच्या नव्हेत, शोभेच्या. क्रोशाच्या सुईने इवलीशी पिशवी विणायची, पोटात कापूस कोंबायचा, दोन्ही टोकं पिळून बांधायची, की झाली गोळी! पडद्यांना गोळ्या, किल्ल्यांना गोळ्या. घड्याळजींच्या चष्म्याच्या दोरीलाही दोन लोंबत. गिऱ्हाईक घड्याळ विसरून त्याच बघत बसे.

नणंद दातांच्या डॉक्टरकडे पेशंटची नावं पुकारायची. एकदा तिने काचेची भलीमोठी बरणी आणून टेबलावर ठेवली.

"वहिनी, दवाखान्यासाठी ही भरून द्या. दात न किडवणाऱ्या गोळ्या! पण उरलेल्या लोकरीच्याच हं. नवी आणून काय, कुणीही भरेल."

"रविवारी घेऊन जा, वन्सं. नाही भरली तर सुई तुमच्या स्वाधीन. जन्मात हात लावणार नाही!"

बोलून गेल्या खऱ्या, पण ती बरणी होती की विहीर? गल्लीतले डबे-पेट्या धुंडाळून झाले, शेजारणीच्या टोपीचा गोंडासुद्धा कामी आला, तरी बरणी अर्धीच. सुईशिवाय जगायचं या कल्पनेने वहिनींना घास जाईना. आणि भाजी निवडता निवडता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोकर उरते कधी? काही विणल्यावर! मग विणू या की!

लाल, पिवळी, हिरवी लोकर घेऊन त्या घरी आल्या. "तुमच्यासाठी स्वेटर!"

घड्याळजी गहिवरले. स्वेटर झटक्यात झाला. होणारच, बाह्या कोपरापर्यंत आणि खालचा काठ बेंबीपर्यंत पोचायच्या आतच तो संपला होता. बाकीची लोकर रीतसर उरली.

"अगं, आखूड नाही का होत?"

"तुम्हीच वाढताय," वहिनी म्हणाल्या आणि गोळ्यांना लागल्या.

रविवारी नणंद आली. बरणी काठोकाठ! ती हरखून गेली. मग तिचं लक्ष भावाकडे गेलं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकले होते आणि स्वेटर पाठ सोडून खांद्यांकडे निघाला होता. नणंदेने लाल-पिवळा-हिरवा स्वेटर पाहिला, लाल-पिवळ्या-हिरव्या गोळ्या पाहिल्या.

"दादा, हे काय घातलंयस?"

वहिनी बरणीसमोर येऊन उभ्या राहिल्या. घड्याळजी भिंगाआडूनच म्हणाले, "मीच सांगितलं आखूड विणायला. लांब स्वेटर बसल्यावर पोटाशी गोळा होतो." आणि उघड्या पाठीला गारठा लागून लगेच असे शिंकले, की उघड्या घड्याळाची चाकं खोलीभर उधळली.

"खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुला!" नणंदेने हसू दाबत हात पुढे केला. "आणा सुई."

वहिनींनी सुई अशी दिली, जणू लेक सासरी निघाली. नणंदेने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"आता शिकवा. दुसरी बरणी माझी. हात लावायचा नाही हं, शब्द दिलाय तुम्ही. नुसतं तोंडाने!"

वहिनींनी तोंडाने एक साखळी विणायला शिकवली. दुसरीला त्यांनी पदर गच्च धरून ठेवला. तिसरीला सुई हिसकावली. "अहो वन्सं, अशी नाही, अशी!"

नणंद खो खो हसत सुटली. "राहू द्या तुमच्याकडेच! मला दुसरी सुई आणा. दादा, तुला मफलर हवाय का रे?"

घड्याळजी टेबलाखाली चाकं शोधत होते. तिथूनच, स्वेटर खाली ओढत, ते ओरडले, "आधी लांबी ठरवा!"