आंब्याच्या सालींचा पापुद्रा

तोवर आंबा मला कवितेतच अधिक भेटला होता. नव्वदच्या दशकात लग्न होऊन सांगलीला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात तो मला बादलीतून भेटला. माझी धाकटी नणंद रसायनशास्त्रात एम. एस्सी. करत होती. फळांच्या टाकाऊ सालींपासून मातीत कुजून जाईल असं प्लॅस्टिक करणं, हा तिचा प्रकल्प. त्यासाठी ती बाजारातल्या रसाच्या दुकानातून साली आणी.

न्हाणीघराच्या दारातच तो दर्प अंगावर येई. आंबूस, गोडसर, घशाशी चिकटणारा. साली काळवंडून एकमेकींवर लोळत आणि त्यांवर माश्यांचा थर हलत असे.

"वहिनी, नाक काय दाबताय? आंबाच आहे तो."

"होता," मी पदराआडून म्हणाले.

साली शिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या, त्या चिकात ग्लिसरीन घालून तो काचेवर पातळ पसरायचा आणि वाळला की अलगद सोडवायचा. तोंडी परीक्षेला चार दिवस उरले असताना शेवटचा चिक पसरायचं काम माझ्यावर सोपवून ती कॉलेजला गेली. वाईला माहेरी आंबापोळी घालताना ताटाला आधी तुपाचा हात लावतात. माझ्याही बोटांनी आपसूक तेच केलं. संध्याकाळपर्यंत काचेवरचा चिक तुपापासून दूर सरकून थेंबाथेंबांत गोळा झाला, आणि सकाळी हाती आली ती कसर लागल्यासारखी चाळण.

"प्लॅस्टिकला तूप? आता नैवेद्यही दाखवा त्याला!" असं म्हणून ती हसली, आणि पाठोपाठ तिचे डोळे भरले. परीक्षकांपुढे अखंड पापुद्रा ठेवला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं. रसाचं दुकान त्या दिवशी बंद, आणि तिला प्रबंध बांधायला टाकायचा होता. घरात उरली होती ती तीन दिवसांच्या जुन्या सालींची बादली.

ती मी उघडली. सालींमध्ये पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. वेचून काढल्या, तरी चार बोटांखाली येतच राहिल्या. शिजलेला लगदा फडक्यातून गळेना, म्हणून दोन्ही हातांनी पिळला. कोमट, बुळबुळीत ओघळ कोपरापर्यंत उतरले. मी दोनदा मोरीत ओकले आणि पुन्हा पिळायला बसले. काच मात्र या वेळी कोरडी ठेवली.

दोन दिवस पंख्याखाली वाळलेला तो पापुद्रा मधाच्या रंगाचा आणि नितळ होता, हे मला मान्य करावंच लागेल. नणंदेने तो उन्हात धरला. मी पाहिला, पण हात लावला नाही.

परीक्षेच्या दुपारी ती धावतच घरी आली. "वहिनी, ताणून पाहिला त्यांनी. फाटला नाही! पास झाले मी!" आणि तिने मला मिठी मारली. तिच्या केसांना, ओढणीला तोच आंबूस वास होता. माझी मान आपोआप दुसरीकडे वळली. अभिनंदनाचे शब्द मागाहून आले, आणि तिची मिठी त्याआधीच सैल झाली होती.