एका फटीत एकच जीव

निसार गेल्यापासून गौसची समजूत घालायला जो जो आला, तो तो मार खाऊन गेला.

पहिला नंबर दर्ग्याच्या मुजावराचा. बिचारा म्हातारा दाढीवरनं हात फिरवत एवढंच म्हणाला, "लिहिलेलं हुतं बाबा, घडलं. देणारा त्योच, नेणारा त्योच." झालं! गौसनं त्याची मानगूट धरली आणि दर्ग्याच्या पायरीवरच त्याला आडवा केला. "लिहिलेलं हुतं व्हय? कुणी लिहिलं? दाखव मला, कुठं लिहिलंय!" चार माणसांनी ओढून काढलं, तोवर मुजावराचे पुढचे दोन दात पायरीवर सांडले होते.

लोक म्हणाले, धाकट्या भावाच्या दुःखानं माणूस खुळावला. खुळावला काय, कपाळ! गौस पुरता शुद्धीवर होता. त्याला जे ठाऊक होतं ते समजूत घालणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आणि तरी ते शहाणपण सांगायला येत होते. त्याचीच त्याला चीड होती.

हे दोघे भाऊ साठमार. नव्या महाराजांना गादीवर बसून तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती आणि कोल्हापुरात साठमारीचा खेळ अगदी भरात होता. मस्तीला आलेला हत्ती मैदानात सोडायचा, आठ-दहा गड्यांनी रुमाल हलवून, भाला टोचून त्याला चिडवायचं, अंगावर घ्यायचं आणि जीव घेऊन पळायचं. पळायचं कुठं? तर मैदानात दगडी बुरूज होते, आणि बुरजांना फटी. माणूस आडवं अंग करून आत सरकेल एवढीच एकेक फट. अगदी आत पाठ टेकून उभं राहिलं, तर हत्तीची सोंड छातीपासून वीतभर अलीकडं थांबते. तेवढी वीतभर जागा म्हणजे साठमाराचं आयुष्य.

म्हणून त्यांचे दोन नेम होते. पहिला, एका फटीत एकच जीव. दुसरा शिरला तर तो सोंडेच्या टप्प्यात येतो, आणि ओढला जाताना आतल्यालाही घेऊन जातो. दुसरा नेम, कुणी सापडला तर जो जवळ असेल त्यानं फट सोडून बाहेर यायचं, हत्तीच्या तोंडावर रुमाल फेकायचा आणि हत्ती आपल्या अंगावर घ्यायचा.

त्या दिवशी भैरू नावाचा हत्ती निसारच्या मागं लागला. उजव्या हाताला सहा पावलांवर रिकामी फट होती. शिकाऊ गडीसुद्धा तिकडंच वळला असता. पण निसार लहानपणापासनं, कुत्रं मागं लागो नाहीतर बाप छडी घेऊन येवो, पळत येऊन गौसच्या पाठीशी लपायचा. बावीस वर्षांचा घोडा झाला, लग्नाला आला, तरी पायांची खोड कुठं जाते? रिकामी फट सोडून तो सरळ आला, गौस ज्या फटीत उभा होता तिथं. "भाईजान!" म्हणाला आणि त्यानं गौसचं मनगट धरलं.

गौसनं मनगट सोडवून घेतलं आणि भावाच्या छातीत लाथ घालून त्याला बाहेर ढकललं.

नेमाप्रमाणं बरोबरच केलं. फटीचं तोंड बघ्यांच्या कट्ट्याकडं नव्हतं, म्हणून कट्ट्यावरच्या कुणाला ते दिसलं नाही. मग भैरूनं निसारची कंबर सोंडेत धरली, त्याला बुरजावर आपटलं, एकदा, दोनदा, आणि खाली टाकून वर गुडघा ठेवला. रक्त फटीत उडालं, गौसच्या तोंडावर. घरी आल्यावर त्यानं तोंड धुतलं, पण मनगटावर चार नखांचे ओरखडे होते ते कसे धुणार? ते त्यानं फडक्यानं बांधून ठेवले. तीन महिने झाले, ओरखडे भरले, तरी फडकं सुटलं नव्हतं. मी उरलो तो कशापायी, एवढं कळल्याशिवाय त्याला जगायचं नव्हतं.

आईला विचारलं. लालबी चुलीपुढं बसली होती. "जीव म्हंजे अल्लाची अमानत हाय बेटा," ती म्हणाली. "आपण जपायची. त्यानं मागितली की परत द्यायची."

"आणि दुसऱ्याची अमानत आपल्या हातनं गेली तर?"

लालबीला काही समजलं नाही. आईवर हात उचलायची सोय नव्हती, मग गौसनं आपलंच डोकं चौकटीवर आपटलं. कपाळ फुटलं, रक्त भुवईवरनं ओघळलं, आणि लालबी पदरानं ते पुसत रडत बसली.

पिराजी साठमार शाहूवाडीकडचा, आनंदी गडी. तो म्हणाला, "आता ह्यो काय सवाल झाला गा? भाकरी खायाची, अंग टाकायचं, सकाळी उठायचं. आमच्याकडं भाताला कोण इचारतंय व्हय, बाबा रं, तू कशापायी उगवलास?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदाखदा हसला. गौसनं हसणाऱ्या तोंडावर ठोसा हाणला. पिराजीचं नाक मोडलं ते मोडलंच. पुढं जन्मभर तो तिरक्या नाकानं भाकरी खात होता.

राहिला आकाराम. साठमारांत सगळ्यांत वडील, पन्नाशीचा, सगळे त्याला मामा म्हणत. त्याचं एकच पालुपद असायचं, मर्दानं जगायचं ते नावापायी. "मागनं चार लोकांनी म्हनलं पायजे, व्हता एक आकाराम!" असं म्हणून मिशीवर ताव द्यायचा.

गौस त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. "मामा, मी कशापायी उरलो? तुमी तरी सांगा."

आकारामचा हात मिशीकडं गेलाच नाही. मान खाली घालून तो म्हणाला, "मला नको इचारू, गौश्या."

गौसनं मूठ उगारली. तर म्हाताऱ्यानं आपण होऊन गाल पुढं केला! "मार," म्हणाला. "मार की. थांबलास का?"

गौसची मूठ आपोआप खाली आली. त्याला वाटलं, ह्यानं बघितलंय. मी भावाला ढकलताना ह्यानं समोरनं बघितलंय, म्हणून माझ्याशी बोलायचीसुद्धा ह्याला शिसारी येते. झालं, आता विचारायला कुणी उरलं नाही. गौसनं मनाशी ठरवून टाकलं, पुढच्या खेळाला भैरू मैदानात आला की फटीत शिरायचं नाही.

तो खेळ आठ दिवसांनी झाला. कट्ट्यावर माणूस मावत नव्हतं. भैरूच्या गालावरनं मद वाहत होता, भाल्याच्या टोचण्यांनी कानामागं रक्त आलं होतं, आणि त्यानं सुरुवातीलाच एका गड्याला सोंडेच्या फटक्यानं असा उडवला की त्याचा खांदा निखळला. गौसनं भाला टाकला. रुमाल टाकला. मनगटावरचं फडकं सोडलं आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

लोकांना वाटलं, काय ही मर्दुमकी! "वा रं पठ्ठ्या!" म्हणून आरोळ्या उठल्या. खुळ्यांनो, मर्दुमकी कसली, माणूस मरायला उभा होता तिथं!

भैरू आला. जमीन पायाखाली हादरली. गौसनं डोळे मिटले, आणि तेवढ्यात कानाशी ओरडा ऐकला, "फटीत जा, भाड्या!" डोळे उघडतो तर आकाराम. आपली फट सोडून म्हातारा मधे आला होता. त्यानं भैरूच्या डोळ्यावर रुमाल फेकला, कपाळावर मूठ हाणली आणि हत्ती स्वतःवर घेतला. पण पन्नाशीचे गुडघे ते. सात-आठ पावलं पळाला आणि पडला. भैरूचा सुळा बरगडीतनं आरपार गेला. त्यानं त्याला उचललं, झटकून टाकलं आणि पाय दिला. हाडं मोडल्याचा आवाज कट्ट्यापर्यंत गेला. मग हत्ती हटवायची दारूकामाची चरखी पेटवून आणली, ठिणग्यांनी आणि धुरानं हत्ती मागं हटला.

गौस म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. आकारामच्या तोंडातनं रक्त येत होतं.

"का आलासा मामा? मी मरायला आलतो. मी निसारला ढकललं!"

"ठावं हाय. बघितलं मी. तू नेमानं वागलास." म्हाताऱ्याला धाप लागली. "त्या दिशी तुझ्या फटीच्या तोंडावर हत्तीच हुता, तुला वाट न्हवती. जवळ मीच हुतो, गौश्या. सात पावलांवर. रुमाल हातात हुता. बाहेर यायचा नेम माझा हुता. पाय निघालंच न्हाईत फटीतनं. नाव नाव करीत जल्म घालीवला, आनी पाय निघालं न्हाईत."

आठ दिवस गौस ज्या नजरेला भीत होता, ती नजर त्यालाच भीत होती.

"आज आलो का न्हाय?" आकारामनं विचारलं.

"आलासा मामा. आलासा."

एवढं ऐकलं आणि म्हातारा गेला.

मढं घरी आणलं. आकारामच्या बायकोपुढं, बायडाबाईपुढं, गौसनं सगळ्या गल्लीच्या देखत सगळं सांगितलं. निसारला लाथ घातली इथपासनं, मी मरायला उभा राहिलो आणि मामा माझ्यापायी मेले, इथपर्यंत. आकारामच्या फटीचं तेवढं तो बोलला नाही. ते त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

बायडाबाईनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याला झोडपायला सुरुवात केली. पाठीवर, दंडावर, गुडघ्यावर. डावा गुडघा फुटला तो कायमचाच. तीन महिने दिसेल त्याला मारत सुटलेला माणूस, पण त्यानं तोंडापुढं हातसुद्धा धरला नाही. शेवटी तिचेच हात थकले. मुसळ टाकून ती म्हणाली, "तुला माफी न्हाय. पर मरायची परवानगी बी न्हाय. माझ्या दाल्ल्याचा जीव तुझ्या अंगात हाय आता. त्यो घेऊन परत हत्तीपुढं गेलास तर बघ!"

दारात लालबी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली आणि लेकाच्या थोबाडीत एक ठेवून दिली, आयुष्यात पहिल्यांदा. मग म्हणाली, "आनी निसारचाबी."

गौस त्यानंतर सत्तावीस वर्षं जगला. साठमारी सुटली. लंगडत हत्तीखान्यात चारा टाकायचा, भैरूलासुद्धा. रोज सकाळी आधी बायडाबाईचं पाणी भरायचा, मग आईचं. बायडाबाई त्याच्याशी कधी धड बोलली नाही, पण घागर मात्र घासून दारात ठेवायची. परत त्यानं कुणावर हात उचलला नाही.

वाटेत कुणी पावणं भेटलं आणि "काय गौसभाई, बरं हाय न्हवं?" म्हणून विचारलं, की तो घागर खाली ठेवायचा, मनगटावरनं अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, "व्हय की. तिघं बी बरं हाय."