सात नंबरच्या विहिरीचं पाणी

पटकीच्या जंतूवर मी उमेदीची बरीच वर्षं घालवली. पण त्या जंतूने मला जेवढं शिकवलं, त्याहून जास्त एका विहिरीने शिकवलं. दिघीच्या खाडीकाठी एका वाडीत ती विहीर होती. आमच्या रजिस्टरात तिचा नंबर सात. ती निर्दोष आहे असं आम्ही शास्त्रोक्त पद्धतीने ठरवलं, आणि वाडीतली माणसं आमच्या शब्दावर विसंबून तिचं पाणी पीत राहिली. ती निर्दोष नव्हती.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. इंग्रज गेला होता, पण त्याची पांढरी टोपी आमच्या साहेबांच्या डोक्यावर शिल्लक होती. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांच्याकडे एक सिद्धान्त होता, एवढंच. तो त्यांना म्हणे जेवताना सुचला होता, लिंबाच्या लोणच्याकडे बघून. मिठात लिंबू वर्षभर टिकतं, त्याला कीड लागत नाही, मग खाडीकाठच्या मचूळ विहिरींत पटकीचा जंतू जगेलच कसा? समुद्राने आपल्या किनाऱ्याला फुकटचं औषध दिलंय आणि आपण मात्र विहिरींत जंतुनाशक पूड टाकत बसलोय, असं त्यांचं म्हणणं. सिद्धान्त तयार होता. आता फक्त पुरावा गोळा करायचा होता, आणि त्या कामावर माझी नेमणूक झाली.

मला निवडलं ते मी किहीमचा म्हणून. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा माणूस मुंबईच्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेत मी एकटाच. "तुम्ही त्याच किनाऱ्याचे. ही माणसं तुम्हाला कळतात," असं साहेब म्हणाले. मी मान डोलावली. कळतात असं मलाही वाटत होतं.

आगरदांड्याहून तरीच्या होडीतून आम्ही सामान खाडीपलीकडे नेलं आणि एका सरकारी बंगल्यात संसार मांडला. एक सूक्ष्मदर्शक, रॉकेलच्या दिव्यावर ऊब धरणारी एक पेटी, बाटल्या वाफवायला एक पातेलं, आणि साहेबांचे दोन मोठे थर्मास. थर्मासात मुंबईचं पाणी. ते संपत आलं की आमचा ड्रायव्हर पलीकडे जाऊन भरलेले दुसरे घेऊन यायचा. किनाऱ्यावरचं पाणी निर्धोक आहे हे सिद्ध करायला आलेला हा माणूस त्या किनाऱ्यावर पाण्याचा थेंब प्याला नाही. तेव्हा यात काही विसंगत आहे असं मला वाटलं नाही. साहेब म्हटल्यावर थर्मास असायचाच.

नमुने घेण्याचीही साहेबांची खास पद्धत होती. आपण विहिरीला हात लावायचा नाही. आपल्या हाताची घाण पाण्यात जाते आणि नमुना बिघडतो. घरची बाई रोज जसं पाणी शेंदते तसंच तिने शेंदावं आणि बाटलीत भरावं. याला ते 'नैसर्गिक पद्धत' म्हणत. मला ती फारच पटली, कारण माझ्या पायांत नवे चामडी बूट होते आणि त्या विहिरींच्या पायऱ्यांवर हे एवढं शेवाळ. शिवाय सकाळच्या वेळी विहिरीवर सगळ्या बायाच. तिथे परक्या पुरुषाने बाटली घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही, हेही कारण मी स्वतःला देऊन टाकलं.

सात नंबरच्या विहिरीजवळचं घर एका म्हाताऱ्याचं होतं. तो आणि त्याची बायको, दोघंच. तिला मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत आलो. म्हाताऱ्याला आमच्या सिद्धान्ताशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं दुखणं वेगळं होतं. दर उन्हाळ्यात तालुक्याचा आरोग्य निरीक्षक येऊन विहिरीत लाल पूड टाकून जायचा. पाणी गुलाबी व्हायचं, भात गुलाबी शिजायचा, चहाला लोखंडाची चव यायची. निरीक्षक ऐकत नाही, पण मुंबईच्या मोठ्या साहेबाने कागद दिला तर ऐकेल, एवढी त्याची मागणी होती.

"आमची बाव चांगली हाय का न्हाय, तेवडं सांगा," तो मला म्हणाला. "तुमी सांगाल ते आमी ऐकू."

चार माणसांनी आपल्या शब्दाची वाट बघावी याची मला तोवर सवय नव्हती. मी छाती पुढे काढली आणि सांगतो म्हटलं.

मावशीला मी बाटली कशी धरायची ते दाखवलं. बूच खाली ठेवायचं नाही, आतून बोट लावायचं नाही, तोंड वाऱ्याकडे करायचं नाही. तिने सगळं एकदाच ऐकलं आणि रिकाम्या बाटलीवर करून दाखवलं. कॉलेजातल्या पोरांना जे तीन महिने जमत नाही ते तिला पहिल्या खेपेला जमलं. उद्या विहिरीचं पाणी भरून ठेवा, साहेब ते घेऊन जाणार आहेत, असं मी सांगितलं. का घेऊन जाणार आहेत ते सांगितलं नाही. जंतू, रोगराई हे शब्द खेड्यातल्या माणसांपुढे काढायचे नाहीत, ती घाबरतात, अशी साहेबांची ताकीद होती. आणि मला तरी सगळं समजावून सांगत बसायला वेळ कुठे होता? पुढे आठ नंबर होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ओटीवर आमच्यासाठी दोन घोंगड्या अंथरलेल्या. बाटल्या भरून, पुसून, केळीच्या पानावर ओळीने मांडलेल्या. मावशीने तांब्या-भांडं आणून पुढे ठेवलं. साहेबांनी हात जोडले आणि थर्मासाचं झाकण फिरवलं. मावशीचा चेहरा उतरला, म्हणून मी साहेबांच्या वाटचंही पाणी प्यालो. काय गोड पाणी. उन्हातून चालून आलो होतो, जिवाला थंडावा आला. मी त्या पाण्याची तोंड भरून स्तुती केली, मावशी प्रसन्न झाली, आणि त्यानंतर लगेच मी त्याच हाताने रजिस्टरात लिहिलं: 'विहीर क्रमांक सात. खाडीकाठची. चव: मचूळ.'

विहीर खाडीकाठची म्हणजे पाणी मचूळ असणारच. त्यासाठी चव कशाला बघायला हवी? माझ्या जिभेने जे सांगितलं ते माझ्या पेनापर्यंत पोचलंच नाही. मी शास्त्र शिकलो होतो ना.

बंगल्यावर येऊन नमुने पेटीत ठेवले. एकात जंतू उगवेल तर शपथ. मग पाण्यातलं मीठ मोजायची वेळ आली. त्याचं एक औषध असतं. त्याचे थेंब टाकले की खारं पाणी दुधासारखं पांढरं होतं, आणि जितकं मीठ जास्त तितकं दाट. सात नंबरच्या पाण्यात मी थेंब टाकले. पाणी जरासं धुरकटलं, बस. पुन्हा टाकले. तेच. साहेबांना दाखवलं. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि या उकाड्यात औषध नासलंय असा निर्णय दिला. विहिरीतलं मीठ कमी असेल हे शक्य नव्हतं, कारण मग सिद्धान्ताचं काय? मला शंका आली होती. खरंच आली होती. पण नासलेल्या औषधाची शिक्षा कोणालाच होत नाही, आणि शंकेखोर मदतनिसाची बढती अडते. मी रजिस्टरात 'औषध नासलं' असं लिहिलं.

किनाऱ्यावरच्या मचूळ विहिरी अशा एकामागून एक निर्दोष ठरत गेल्या. साहेबांनी निबंध लिहिला, मी त्याच्या कार्बन लावून प्रती काढल्या, शेवटी बारीक टायपात माझे आभार होते. निबंध परिषदेत वाचला गेला आणि टाळ्या पडल्या. एक प्रत तालुक्याला गेली, आणि निरीक्षकाने लाल पुडीचा डबा कपाटात ठेवून दिला. त्याचीही एक पायपीट वाचली.

म्हाताऱ्याला बातमी द्यायला मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. तुमची विहीर उत्तम आहे, आता पूड नाही, असं मी सांगितलं. तो इतका खूश झाला की त्याने मला दोन शहाळी पाजली. त्या वाडीत मी त्या दिवशी कोणीतरी मोठा होतो.

पुढच्या वैशाखात वाडीत पटकी लागली.

मुंबईला तार आली तेव्हा साहेब दुसऱ्या एका परिषदेला गेले होते. सलाईनच्या बाटल्या, सूक्ष्मदर्शक आणि तपासणीची औषधं घेऊन मला पुढे पाठवण्यात आलं. तरीची होडी, बैलगाडी, मग पायी. मी पोचलो तोवर म्हातारा गेला होता. आदल्या दिवशी सकाळी त्याला जुलाब सुरू झाले आणि दिवस मावळायच्या आत संपला. मावशी आत पडली होती. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली, आवाज बसलेला. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी तिची शीर शोधून सुई लावली आणि मी बाटली धरून उभा राहिलो. पहिली बाटली उतरली, दुसरी उतरली, आणि तिने कूस बदलली. माणूस पाण्यावाचून मरतो आणि पाण्याने परत येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

ती सावध झाल्यावर मी बूट काढले आणि अनवाणी सात नंबरच्या विहिरीवर गेलो. स्वतः दोर सोडला, स्वतः पाणी काढलं आणि ओंजळीत घेऊन जिभेचं टोक लावलं. मचूळ. तेच ते थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू इकडून तिकडे पळत होते. मिठाचं त्यांना काही वावडं दिसलं नाही. उलट मजेत होते.

मी मावशीपाशी जाऊन बसलो. तिला बोलायचे श्रम होत होते, तरी मला राहवेना. गेल्या वर्षी बाटल्यांत भरलेलं पाणी कुठलं, असं मी विचारलं.

"वरच्या बावीचं," ती म्हणाली.

डोंगराच्या अंगाला गोड्या पाण्याची एक विहीर होती. उभा चढ, चढायला पाऊण तास. उन्हाळ्यात तिला पाणी जेमतेम, म्हणून वाडी स्वतः खालच्या विहिरीचं प्यायची आणि वरचा एक हंडा पाहुण्यांसाठी झाकून ठेवायची. आमच्यासाठी मावशी त्या दिवशी दोन खेपा वर गेली होती. एक आमच्या तांब्यासाठी आणि एक बाटल्यांसाठी.

मी म्हटलं, मला खालच्या विहिरीचं पाणी हवं होतं.

"साहेब पानी संगती घेऊन फिरतो. मला वाटलं, वाटंत प्यायला नेतोय. पावन्याला मचूळ पानी देतं का कोन?" थोडा दम खाऊन ती पुढे म्हणाली, "वायट पानी पायजे व्हतं, तर तसं सांगायचं व्हतं. भरून दिलं असतं."

माझ्या आईनेही हेच केलं असतं. किहीमला आमच्याही घरी पाहुण्यांचा हंडा वेगळा होता आणि त्याला हात लावला म्हणून लहानपणी मी मार खाल्ला होता. हे सगळं मला माहीत होतं. त्या घरांत शिरताना मी ते बंगल्यावर ठेवून जात होतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने आम्हाला आपलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं होतं, आणि त्या आदरातिथ्याचा आम्ही निबंध केला होता.

मुंबईला परतल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं, म्हातारा गेला हेही सांगितलं. जुना निबंध मागे घ्यावा असं सुचवताना माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी मला बसायला सांगितलं. ते गंभीर झाले. मग म्हणाले की हा शोध फार महत्त्वाचा आहे. मचूळ पाण्यात पटकीचा जंतू उत्तम जगतो, हे आजवर या किनाऱ्यावर कोणी दाखवलं नव्हतं. त्यांनी नवा निबंध लिहायला घेतला. त्यात जुन्या निबंधाचा उल्लेख नव्हता. त्यालाही टाळ्या पडल्या. बारीक टायपात माझे आभार होते. मी राजीनामा दिला नाही. द्यायला हवा होता असं आजही वाटतं.

तो निबंध पुरा होण्याआधी त्यासाठी आणखी नमुने लागले. लाल पूड पुन्हा सुरू झाली होती, पण थंडीत ती टाकत नसत, म्हणून थंडीत साहेबांनी मला सात नंबरवर पाठवलं. या खेपेला मी आधीच कळवलं होतं, कशासाठी येतोय तेही कळवलं होतं.

मावशी ओटीवर बसली होती. घोंगडी एकच अंथरली होती. तिने माझ्यापुढे दोन तांबे ठेवले, थोडं अंतर राखून.

"ह्यो तुमास्नी प्यायला," ती म्हणाली. "आन ह्यो तुमच्या साहेबाला न्यायला."

पहिल्या तांब्यातलं पाणी मी प्यालो. गोड होतं. ती अजूनही माझ्यासाठी तो चढ चढून गेली होती. मला तिच्याकडे वर बघवेना. मी पिशवीतून बाटली काढली आणि बूच काढून दोन्ही तिच्या हातात दिलं. तिने बूच हातातच धरलं, खाली ठेवलं नाही. वाऱ्याकडे पाठ केली, आणि आतून बोट न लावता दुसऱ्या तांब्यातलं पाणी गळ्यापर्यंत भरलं, मी शिकवलं होतं अगदी तसंच.