खळ्यातली रिकामी जागा

खाडीपलीकडच्या त्या गावी तपासासाठी पहिल्यांदा गेलो, त्या दिवसाची आठवण आली की आधी ती होडी डोळ्यांसमोर येते. काठावर पोचेपर्यंत उतारूंचा कलकलाट मला लांबून ऐकू येत होता. मी होडीत पाय ठेवला आणि तो थांबला. पलीकडे उतरेपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. मी बोरीवलीच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. ठाण्याची हद्द नकाशावर समुद्रापर्यंत होती, पण रोजचं काम खाडीच्या काठालाच संपत असे. पलीकडे कोळ्यांचं एक गाव. वीज नव्हती, गस्तही भरतीची वेळ बघून जायची. हद्दीतल्या इतर वस्त्यांमधून मारामाऱ्या, चोऱ्या, हातभट्ट्या असं रोज काहीतरी दाखल व्हायचं. त्या गावातून काहीच येत नसे. ठाण्यात त्याला शांत गाव म्हणत.

मी स्वतः मालवणच्या किनाऱ्यावर वाढलो. समुद्राकाठचं लहान गाव कसं असतं ते मला माहीत होतं. पुढे पाणी, मागे पाणी, येण्याजाण्याची वाट एक आणि त्या वाटेवर सगळ्यांचे डोळे. कोणाच्या चुलीवर काय शिजलं हे वासावरून चौथ्या घराला कळतं. अशा गावात भांडणं होत नाहीत यावर माझा विश्वास बसत नव्हता. तक्रार येत नसेल, तर ती कोणीतरी येऊ देत नसावं.

खबर आणली एका बर्फवाल्यानं. तो अलीकडून बर्फाच्या लाद्या गावात पोचवायचा.

"साहेब, गावाची वाट लागलीय," तो म्हणाला. "बर्फ उतरवतात, पैसे देतात, बास. चहा पण विचारत नाहीत. आणि एक खलाशी होता ना, माझी मस्करी करायचा, तो गायब."

"कुठे गेला?"

"दमणला. बाईच्या मागे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. तेच तर वांदे आहेत ना, साहेब. सगळे एकच वाक्य बोलतात, शब्दाला शब्द."

त्या किनाऱ्यावर परदेशी घड्याळं, ट्रान्झिस्टर आणि कापड उतरतं, अशी कुणकुण आम्हाला आधीपासून होती. माल उतरवण्याचं काम बघणारा माणूस गावातलाच होता. त्याला मुकादम म्हणत. मासेमारी त्यानं केव्हाच सोडली होती. पांढरी पँट घालायचा, स्वतःची मशीनची बोट होती, आणि गावातले निम्मे तरुण त्याच्याकडे कामाला होते. बेपत्ता खलाशी त्यांच्यातलाच एक.

बर्फवाल्याचं नाव न लिहिता मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन गावात गेलो. गावच्या पाटलानं खुर्ची दिली. म्हातारा सरळ वाटला, पण बोलताना त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे जात होती. मागे ओट्यावर मुकादमाची दोन माणसं बसली होती.

"पोरगा गेला दमणला, साहेब. बाईच्या मागं," पाटील म्हणाला.

खलाशाची बायको दारात उभी होती. वय पंचविशीच्या आसपास. तिला विचारलं तर तिनंही तेच वाक्य म्हटलं. नवऱ्यानं टाकून दिलेली बाई असं बोलत नाही. ती त्याला शिव्या घालते, नाहीतर त्याच्या वतीनं भांडते. ही पाठ केलेलं म्हणत होती, आणि म्हणताना दाराची चौकट घट्ट धरून उभी होती.

परत येताना आम्ही मासळी वाळवायच्या खळ्यावरून आलो. दिवाळी होऊन गेली होती, बोंबलाचा हंगाम. बांबू रोवून, त्यांवर आडव्या दोऱ्या ताणून बोंबील टांगले होते. रांगा इतक्या दाटीनं लावलेल्या की मधून माणसाला जाता येईना, आणि बायका जागेवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. खळ्याचा वरचा कोपरा मात्र अगदी रिकामा. बांबू काढल्याच्या खुणा वाळूत दिसत होत्या.

"आजी, एवढी जागा पडलीय, तिथे का नाही लावत?" मी एका म्हातारीला विचारलं.

"तिथं वारा लागत नाय."

मी तिथेच उभा होतो आणि डोक्यावरची टोपी उडू नये म्हणून हातानं धरून ठेवली होती. म्हातारीनं ते पाहिलं, मान खाली घातली आणि पुन्हा बोंबील टांगू लागली.

पुढच्या गस्तीला गेलो तेव्हा त्या कोपऱ्यात बांबू उभे होते आणि त्यांवर बोंबील लटकत होते. माझा प्रश्न कोणीतरी मुकादमाच्या कानावर घातला होता, हे उघड होतं. त्यानंतर मी मुद्दाम काही दिवस जाऊ दिले. तिसऱ्यांदा गेलो तर बाकीच्या रांगांवर ताजी मासळी होती. कोपऱ्यात तेच जुने बोंबील, उन्हानं काळे पडलेले, काही कावळ्यांनी ओढून खाली पाडलेले. बोंबील दोन-तीन दिवसांत उतरवावे लागतात, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात ठाऊक असतं. ज्यानं हुकूम दिला तो मासळीचं काम विसरला होता. बायकांनी हुकमाप्रमाणे टांगले होते, पण त्या जागेवरचा एक बोंबीलही उतरवून घरात न्यायला कोणी तयार नव्हतं.

तिथे काहीतरी पुरलं आहे, एवढं नक्की झालं. माझा अंदाज मालाचा होता. हवालदार खाडी ओलांडताना हळूच म्हणाला, "साहेब, घड्याळावर वाळवलेलं मासं लोक खातील. हे कायतरी येगळं हाय." मी त्याला गप्प बसायला सांगितलं, कारण होडीवाला आमच्याकडे बघत होता.

खलाशाच्या बायकोशी बोलणं गरजेचं होतं, पण गावात तिच्या दाराशी पुन्हा उभं राहणं म्हणजे तिला धोक्यात घालणं. ती इतर कोळणींबरोबर बोरीवलीच्या बाजारात यायची. तिला एकटीला बाजूला घेतलं असतं, तर ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. म्हणून होडीतून उतरणाऱ्या सगळ्याच कोळणींच्या टोपल्या तपासायचा आदेश मी काढला. एकेकीला चौकीत बोलवायचं, प्रत्येकीला तितकाच वेळ बसवायचं, दार उघडं ठेवायचं. बाहेर त्यांनी एकच गोंधळ घातला.

"काय रं हवालदारा, बोंबलाच्या पोटान घड्याल शोधतंस?"

"सापडलं तर तुज्या बायकोला दे. तिला तरी कलंल, तू कवा घरी येतस!"

"मावशी, गप बस, टोपली जप्त करीन."

"कर ना. मंग इकायला पन तूच बस!"

बाहेर हशा पिकला. आत खलाशाची बायको माझ्यासमोर टोपली ठेवून उभी होती. तिला हसण्याचं भान नव्हतं. मी टोपलीत हात घातला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "तो जिवंत आहे का?"

तिनं उघड्या दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "माजा दीर त्यांच्याच बोटीवर जातो. सकालचा जातो तो परत येईपरत मना पानी गोड लागत नाय. त्याला आधी हिकडं आना. मंग काय खोदायचं तं खोदा."

मी खोदण्याबद्दल तिला काही बोललो नव्हतो.

दिराला अलीकडे आणायचं, पण गावाला तो साक्षीदार वाटता कामा नये. दारूबंदीचे दिवस होते. हातभट्टीच्या संशयावरून माणूस उचलणं ही आमची रोजची गोष्ट होती आणि तिचं कोणाला नवल वाटत नसे. दोन दिवसांनी तो जाळ्याचं सूत घ्यायला अलीकडे आला, तेव्हा धक्क्यावरच त्याला धरलं. बरोबर आई होती. तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"एक पोरगा गेला, आता दुसरा नेताव? मुडद्या, तुज्या घरान कोन हाय का नाय?"

मी तिला बोलू दिलं. तिच्या शिव्या जितक्या लांब ऐकू जातील तितकं बरं होतं.

दीर जेमतेम विशीचा असेल. ठाण्यात आल्यावर त्यानं कोठडीचा कोपरा धरला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. माराची वाट बघत होता. मी त्याला चहा दिला, आणि संध्याकाळपर्यंत दारूचा एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हा तो जास्तच घाबरला. घाबरलेल्या माणसाला दरडावलं की त्याची भीती पक्की होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी फक्त एवढंच म्हणालो, "तुझ्या वहिनीनं तुला इथे आणवलंय. इथे तू सुरक्षित आहेस."

"वयनीनं?" त्यानं मान वर केली. "तिला ठाव हाय?"

"काय ठाऊक आहे?"

त्यानंतर तो जे बोलला ते बोलायला त्याला फार वेळ लागला. काही आठवड्यांपूर्वी मुकादमाचा माल दुसऱ्या एका किनाऱ्यावर कस्टमवाल्यांनी पकडला होता. खबर कोणी दिली याचा मुकादम शोध घेत होता. त्याच सुमारास मोठा भाऊ बोरीवलीत रस्त्यावर एका पोलिसाशी बोलताना कोणाला तरी दिसला. आईच्या डोळ्यांसाठी सरकारी दवाखाना किती वाजता उघडतो, एवढंच त्यानं विचारलं होतं. पहाटे बोटी लागल्यावर मुकादमाच्या माणसांनी त्याला खळ्यावर नेलं आणि वल्ह्यानं मारलं. मग धाकट्याच्या हातात फावडं दिलं.

"खड्डा मना खनाया लावला, साहेब," तो म्हणाला. "बोलले, बोललास तं बाजूलाच तुजा खनू. मी कोनाला बोललो नाय. आयला नाय, वयनीला नाय."

बोलला नव्हता हे खरं. पण त्या दिवसापासून बोटीवरून घरी येताना तो खळ्याचा वरचा कोपरा टाळून लांबून वळसा घालायचा. वहिनी रोज दारातून त्याची वाट बघत असे. आठवडाभर तिनं तो वळसा पाहिला. मग एका सकाळी तिनं त्या कोपऱ्यातले आपले बांबू उपटले आणि खाली आणून लावले. शेजारणीनं ते पाहिलं, तिनंही आपले काढले. एकमेकींना कोणी काही विचारलं नाही. सगळं गाव समजलं, आणि सगळं गाव दमणचं वाक्य म्हणत राहिलं.

दंडाधिकाऱ्यांच्या हुकमानं खळं खोदलं. पंच म्हणून गावातून एकही माणूस पुढे आला नाही, ते बोरीवलीहून न्यावे लागले. घरांची दारं बंद होती, भर दुपारी, आणि प्रत्येक दारामागे माणूस उभा असल्याचं कळत होतं. फार खोल जावं लागलं नाही. ओळख पटवायला बायकोला आणलं. तिनं चेहरा पाहिला नाही, पाहण्यासारखा तो राहिलाही नव्हता. कमरेचा मण्यांचा करगोटा पाहिला आणि म्हणाली, "त्याचाच. मी ओवलाय." मग तिनं विचारलं, "खड्डा कोनी खनला?"

हे तिला न्यायालयात कळणारच होतं. मी सांगितलं. ती तिथेच वाळूत बसली.

मुकादम आणि त्याचे दोघे साथीदार पकडले गेले आणि त्यांना शिक्षा झाली. दीर माफीचा साक्षीदार झाला. उलटतपासणीतही तो फिरला नाही. वहिनी दर तारखेला न्यायालयात यायची आणि त्याच्याच बाकावर बसायची, मधे एका माणसाची जागा सोडून.

मुकादमाचे नातेवाईक गावातच होते. त्याची माणसं सगळी पकडली गेली नव्हती. म्हणून निकालानंतर मी तिला बोरीवलीच्या एका चाळीत खोली बघून द्यायची तयारी दाखवली. अलीकडे ठाणं जवळ होतं, गर्दी होती.

"नको साहेब," ती म्हणाली. "तितं कोनाला भ्यायचं ते मना ठाव हाय. हितं मना कोन वलखतंय? पाठीमागनं कोन येतंय ते पन कलनार नाय."

"आणि दीर?"

"जेवान वाढते त्याला. अजून त्याच्याकडं बगवत नाय. बगन कवातरी."

जाताना तिनं हात जोडले. "तुमी चांगलं केलंव. पन आता आमच्या दारान येव नका."

नोकरीत पुढे मी बरेच गुन्हे पाहिले. साक्षीदार मिळत नाही म्हणून पुष्कळदा चिडलो, आणि लोक भित्रे असतात असं म्हणणारे अधिकारीही ऐकले. मी तसं म्हणणं या तपासानंतर सोडलं. आम्ही पंचनामा उरकून संध्याकाळच्या भरतीला परत येतो. साक्ष देणाऱ्याला त्याच गावात, त्याच चार घरांमध्ये आयुष्य काढायचं असतं. त्या बायकांनी त्यांना झेपेल तेवढं केलं होतं. ते दिसायला मला तीन फेऱ्या लागल्या.

बदली होईपर्यंत मी अधूनमधून बोरीवलीच्या बाजारात जात असे. एकदा ती ओळीत बसलेली दिसली. पुढ्यात बोंबलांचा ढीग, आणि एका गिऱ्हाइकाशी तिची जोरात घासाघीस चालली होती. आवाज खणखणीत होता. तिची नजर माझ्यावर आली, क्षणभर थांबली आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळली. दोन टोपल्यांपलीकडे त्याच गावची दुसरी कोळीण बसली होती आणि आम्हा दोघांकडे बघत होती. मी न थांबता पुढे गेलो आणि अगदी टोकाला बसलेल्या बाईकडून मासळी घेतली.