आबा खाली बसले नाहीत

रेवा, ईशान,

आबांना जाऊन सहा आठवडे झाले. परवा फोनवर रेवा म्हणाली, "आजी, आबा मला फिलिबस्टर एक्स्प्लेन करणार होते." शाळेत तिला त्यावर बोलायचं आहे. आता ते काम माझ्याकडे आलं. शिवाय त्यात माझी एक कबुली अडकलेली आहे.

तुमच्या अमेरिकेच्या सिनेटमध्ये शंभर सदस्य असतात. कायदा संमत व्हायला साधं बहुमत पुरतं, पण मतदानाआधी चर्चा संपावी लागते आणि ती बंद करायला साधारणपणे साठ मतं लागतात. तेवढी नसली तर एकटा सदस्यही बोलत राहून मतदान अडवू शकतो, तोच फिलिबस्टर. मात्र त्याने उभं राहायचं. बसला की हक्क गेला. हल्ली तर विरोध नुसता कळवला तरी साठ मतं जमेपर्यंत विधेयक अडकतं. आपल्या लोकसभेत अध्यक्ष वेळ ठरवून देतात. मला तेच बरं वाटतं. आबांना वाटत नसे...

तुम्ही दुबई सोडलीत त्या वर्षीची गोष्ट. दुबईतल्या करामा भागातल्या आमच्या मराठी मंडळाचे नियम आबांनीच लिहिलेले. त्यात एक वाक्य होतं : उभं राहून बोलणाऱ्याला कोणी थांबवायचं नाही, तो बसला की भाषण संपलं. आबांच्या शनिवारच्या मराठी वर्गाला तेव्हा पाचच मुलं उरली होती, म्हणून वर्ग बंद करायचा ठराव आला. मी सचिव, ठराव मीच टाइप केला होता आणि मत देणार होते तेही बंद करण्याच्या बाजूने. हॉल एक वाजेपर्यंतच आपला होता. साडेअकराला आबा उठले आणि वर्गाच्या कपाटातल्या पुस्तकांची यादी वाचू लागले... पुस्तक, कोणी आणलं, कोणत्या मुलाने पान फाडलं.

"अहो, खलास करा आता!" ठराव मांडणारे जोशी ओरडले.

"अजून दुसरा कप्पा आहे," आबा म्हणाले.

त्यांचा गुडघा तेव्हाच गेलेला होता. एकला दहा मिनिटं असताना ते मागच्या टेबलावर टेकले. टेकले कसले, बसलेच.

"बसले! भाषण संपलं. यल्ला, चला, मतदान घ्या," जोशी म्हणाले.

अध्यक्ष होते रत्नागिरीचे शरीफभाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, रेकॉर्ड तुमच्याकडे. बसले का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. यादीतल्या ओळीवर त्यांचं बोट तसंच होतं.

"उभे आहेत," मी म्हणाले. तसंच इतिवृत्तात लिहिलंही. सगळा हॉल हसला, आबा टेबल धरून पुन्हा उठले, आणि एक वाजता वॉचमन किल्ल्या वाजवत दारात आला. मतदान झालं नाही. पुढच्या सभेपर्यंत आबांनी घरोघरी फोन करून चार मुलं वाढवली आणि जोशींनी ठराव मागे घेतला.

त्या दिवशी गाडीत आबा एवढंच म्हणाले, "सचिवबाई, इतिवृत्त चुकलंय तुमचं."

"माहीत आहे," मी म्हणाले. ते मी आजवर दुरुस्त केलेलं नाही.

रेवा, शाळेत सांगताना दोन्ही बाजू सांग. बहुमताला असं ताटकळत ठेवणं अन्यायाचंच आहे, हे माझं मत अजून कायम आहे. पण त्या दिवशी मतदान झालं असतं तर वर्ग गेला असता, हेही खरं.

वर्ग शनिवारी दहाला भरतो. सध्या आठ मुलं आहेत. यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. आबा उभ्यानेच शिकवायचे. मी खुर्चीत बसून शिकवते. वर्ग चालू आहे.